समाजशास्त्र घेऊन पुढे काय?

अकरावीला समाजशास्त्र घेतलं, की घरचे आधी विचारतात, ‘याला स्कोप काय?’ प्रश्न रास्तच आहे. शिक्षणावर घरातली पुंजी लागते. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक गैरसमज दडलेला असतो. समाजात तर आपण राहतोच, मग तो वेगळा शिकायचा कशाला, असं अनेकांना वाटतं. म्हैसूरमध्ये १९१६ साली जन्मलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं काम पाहिलं, तर हा समज टिकत नाही. मुंबई विद्यापीठात ते मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली शिकले. ऑक्सफर्डला जाऊन आल्यावर १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात, गावप्रमुखाच्या बैलांसाठी बांधलेल्या घरात मुक्काम ठोकला. पुस्तकात त्यांनी या गावाला ‘रामपुरा’ म्हटलं. पोथीतल्या उतरंडीत ब्राह्मण सर्वांत वर. गावात मात्र शब्द चालायचा तो शेतकरी ओक्कलिगांचा, कारण जमीन त्यांची आणि संख्याबळही त्यांचंच. गावकऱ्यांना हे ठाऊक होतंच. श्रीनिवासांनी त्याची कारणं तपासून ‘प्रबळ जात’ ही संकल्पना मांडली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या मराठा समाजाच्या राजकारणाची चर्चाही तिच्या आधारे झाली.

याच नजरेनं म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरच्या कडकोळकडे पाहता येतं. तिथे आता औद्योगिक वसाहत आहे. शेताच्या जागी कारखाना आला, की जमिनीवर उभा असलेला मान कुठे जातो? कायम नोकरी कुणाला लागते आणि कंत्राटी काम कुणाच्या वाट्याला येतं? बाईच्या हाती पगार आला, की मुलीच्या लग्नाचं वय पुढे सरकतं का? पारावरच्या गप्पांत याची उत्तरं क्षणात मिळतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र घरोघर जाऊन विचारावं, मोजावं, पडताळावं लागतं आणि पुरावा विरोधात गेला तर स्वतःचं मत सोडावं लागतं. विषय सोपा आहे म्हणणाऱ्यांनी ही शिस्त लक्षात घ्यावी.

बारावीच्या समाजशास्त्रावर थेट नोकरी लागत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो बारावीच्या भौतिकशास्त्रालाही लागू पडतो. पदवीनंतर वाटा फुटतात. मुंबईत १९३६ पासून टाटा समाजविज्ञान संस्था समाजकार्याचं शिक्षण देते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो. कायदा, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य, सर्वेक्षण इथेही माणसांचे व्यवहार वाचू शकणारी माणसं लागतात. संशोधनाची वाटही जुनी आणि भक्कम आहे. घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून नातेसंबंधांवर मूलगामी काम केलं. अट एवढीच, की पाठांतरावर न थांबता संख्याशास्त्राची ओळख करून घ्यावी, भाषा कमवावी आणि प्रत्यक्ष गावा-वस्त्यांत जावं. एवढी तयारी असलेल्या मुलानं किंवा मुलीनं हा विषय मागितला, तर पालकांनी तो कमी गुणांची तडजोड न मानता मोकळ्या मनानं घेऊ द्यावा. ज्या देशात शाळा, पाणी आणि रोजगाराच्या योजना जात, जमीन आणि घरातला अधिकार यांना अडखळतात, तिथे हे अडथळे ओळखणाऱ्यांची गरज मोठी आहे.