समजून घ्या : खारफुटीच्या रोपांसाठी खाडीतला चिखल पुरेसा का नाही?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर परिसरातील सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. अशा तोडीच्या बदल्यात नवी रोपे लावली जातात. त्यातली बरीच रोपवाटिकेत वाढलेली असतात. ती पुढे जगणार का, हे बऱ्याच अंशी पिशवीतल्या मातीवर ठरते.

नुसता गाळ भरला तर काय बिघडते?

खारफुटी चिखलातच उगवते, मग तोच पिशवीत भरावा, असे वाटणे साहजिक आहे. मात्र खाडीत भरती-ओहोटीचे पाणी सतत खेळते आणि खेकड्यांच्या बिळांमुळे गाळात हवा शिरते. पिशवीत यातले काही होत नाही. बारीक कणांचा गाळ घट्ट बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळल्यास तो आकसून तडकतो. काही ठिकाणच्या गाळात लोह-गंधकाची संयुगे असतात. गाळ वाळून त्यांना हवा लागली की आम्ल तयार होते. शिवाय हजारो पिशव्यांसाठी खाडीकाठ उकरला, तर आहे त्या कांदळवनाचेच नुकसान होते.

वाळू किंवा लाल माती चालते का?

वाळूत मुळांना हवा भरपूर मिळते. पण पाणी आणि पोषणद्रव्ये टिकत नाहीत. लागवडीवेळी पिशवी फाडली की मुळांभोवतीचा गोळा सुटतो. लाल मातीत खाडीसारखा खारेपणा नसतो. तिच्यात गोड्या पाण्यावर वाढलेले रोप थेट खाडीत लावल्यास त्याला धक्का बसतो, म्हणून आधी पाण्यातील मिठाचे प्रमाण हळूहळू वाढवावे लागते. शेणखत जास्त झाले तर पाणी साचलेल्या पिशवीत ते कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. त्यामुळे गाळ आणि वाळू यांचे मिश्रण सोयीचे ठरते. गाळ किती चिकट आहे, यावर वाळूचे प्रमाण ठरते.

सगळ्या प्रजातींना एकच मिश्रण का चालत नाही?

कांदळाचे बी झाडावरच रुजते. त्याच्या लांब कांडीत अन्नसाठा असतो, त्यामुळे सुरुवातीला मातीचा फरक फारसा जाणवत नाही. तिवराच्या बीमध्ये हा साठा कमी असतो. राज्याचा कांदळवन वृक्ष असलेल्या पांढऱ्या चिप्पीच्या बिया तर अगदी बारीक असतात. त्या आधी वाफ्यात रुजवून रोपे पिशवीत हलवणे सोयीचे पडते. मातीची खरी परीक्षा अशा रोपांत होते.

माती योग्य असूनही रोपे का मरतात?

रोपवाटिका भरतीचे पाणी पोहोचेल अशा जागी असली, तर रोपे खारेपणाला सरावतात. तरीही लागवडीची जागा चुकली तर उपयोग होत नाही. पाणी फार काळ साचले तर रोप गुदमरते. भरती पोहोचतच नसेल तर जमिनीत मीठ साठत जाते. म्हणून किती रोपे लावली, एवढ्या आकड्यावर भरपाई पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यातली किती जगली, हे मोजावे लागते.