प्रोटॉनांची पात

दिवाळीनंतरची गोष्ट. पडेगावातले आमचे एक शेजारी संध्याकाळी घरी आले. वय सत्तरीच्या पुढचे, सारा जन्म शेतीत गेलेला. त्यांच्या नातवाच्या मेंदूच्या मुळाशी गाठ निघाली होती, आणि खारघरला जाऊन प्रोटॉनचे उपचार घ्या, असे डॉक्टरांनी सुचवले होते. बसता बसताच त्यांनी विचारले, "सर, तिथं भलंमोठं चुंबक आहे म्हणतात. त्यानं गाठ ओढून काढतात का?"

मी म्हणालो, "नाही हो काका. ते चुंबक पोराला शिवतसुद्धा नाही. ते नुसतं वळवतं."

"काय वळवतं?"

श्रोतेहो, या दोन शब्दांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, तेच आज थोडे नीटनेटके करून आपल्यापुढे मांडतो.

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तेथे २०२३ साली प्रोटॉन-उपचार सुरू झाले. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. त्याच्यावर धन विद्युद्भार असतो. त्याला पुरेसा वेग दिला की तो शरीरात ठरावीक खोलीपर्यंत शिरतो आणि थांबता थांबता सर्वांत मोठा घाव तिथेच घालतो. पलीकडे जवळजवळ काही पोचत नाही. क्ष-किरण मात्र गाठ भेदून पलीकडच्या निरोगी भागातही जातात. वाढत्या वयाच्या मुलाच्या मेंदूत हा फरक केवढा, हे मी काकांना फोड करून सांगितले नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते.

आता, प्रोटॉन कुठे थांबणार हे त्याच्या वेगावर ठरते. खारघरच्या यंत्रात त्याला जास्तीत जास्त २३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मिळते. तेवढ्यावर तो पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. पण २३ कोटी व्होल्टचा धक्का एका दमात देणार कोण? अमेरिकेत बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३० च्या सुमारास युक्ती काढली. एक मोठा धक्का नको. लहान धक्के पुष्कळदा द्यावेत, आणि त्यासाठी कणाला फिरवून फिरवून त्याच जागी आणावे. हे फिरवणे चुंबकाकडे आले. त्या यंत्राला सायक्लोट्रॉन म्हणतात.

चुंबकीय क्षेत्राचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. थांबलेल्या विद्युद्भाराकडे ते ढुंकूनही पाहत नाही. तो क्षेत्राला आडवा धावू लागला की मात्र त्याला बाजूने ढकलते, आणि तेही नेहमी चालीच्या काटकोनात. काटकोनातल्या ढकलण्याने वेग वाढत नाही की घटत नाही; दिशा तेवढी बदलते. वर्गात हे मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी निम्मी मुले पेपरात लिहून येतात की चुंबक कणाचा वेग वाढवते!

काकांना मी विचारले, "खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात धरायचात ना? मग बैलांना तिवडा हाकायचा का?"

"तिवडा कशाला हाकील? हाकायचो आम्ही. तिवडा नुसता भोवती फिरवायचा."

बस्स. चुंबक म्हणजे तिवडा, आणि हाकणारा म्हणजे विजेचा दाब. याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. पातीत तिवड्याजवळचा बैल संथ चालतो, कडेच्याला झपाझप पाय उचलावे लागतात, पण फेरी दोघांचीही एकदमच पुरी होते. प्रोटॉनचेही तसेच. वेग वाढला की वर्तुळ मोठे होते, वाट लांबते, पण फेरीला वेळ तेवढाच लागतो. म्हणून विजेच्या धक्क्यांचा ताल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवता येतो. क्षेत्र १.६ टेस्ला धरले, म्हणजे आपल्याकडील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ४० हजार पट, तर प्रोटॉन सेकंदाला २ कोटी ४४ लाख फेऱ्या घालतो. दाखला इथवरच चालतो हं. बैलाचा दोर लांबत नाही. प्रोटॉनची वाट मात्र डासांच्या उदबत्तीच्या वेटोळ्यासारखी बाहेर बाहेर सरकत जाते.

इथे आइन्स्टाइन आडवे येतात. २३ कोटींच्या टप्प्यावर प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के होतो आणि त्याचा जडपणा जवळजवळ सव्वापट. जड झालेला प्रोटॉन फेरीला उशीर करतो आणि धक्क्याचा ताल चुकतो. उपाय सोपा वाटतो: बाहेरच्या बाजूला क्षेत्र वाढवत न्यावे. पण तसे केले की कण वरखाली भरकटून लोखंडावर आदळतात. १९३८ साली एल. एच. थॉमस यांनी यातून वाट काढली. चुंबकाच्या तोंडाला आलटून पालटून उंचवटे आणि खळगे ठेवायचे; त्यांच्या कडा ओलांडताना भरकटणारा कण दर वेळी मधल्या पातळीकडे लोटला जातो. खारघरचे यंत्र याच जातीचे. शेवटच्या फेरीत क्षेत्र २ टेस्लाच्या आसपास धरले, तर वर्तुळाची त्रिज्या भरते अवघी ११६ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत एवढी धाव!

बाहेर पडलेल्या प्रोटॉनांच्या वाटेत पाचरीसारखा पदार्थ आडवा घालून त्यांचा वेग हवा तेवढा उतरवतात. त्यात सगळ्यांचा वेग सारखा उतरत नाही. मग पुन्हा चुंबक: संथ कण जास्त वळतात, वेगवान कमी, आणि पुढच्या फटीतून बेताचे तेवढेच निसटतात. अगदी शेवटी दोन चुंबके ती बारीक धार आडवी आणि उभी हलवून गाठीवर रांगोळीसारखे ठिपके देतात, थरावर थर.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अन् तिवडा मधीच उपटला तर?"

खरे सांगतो, इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही. मी म्हणालो, "वाट वाकडी आहे ना काका. वळवणारं चुंबक बंद पडलं, तर प्रोटॉन सरळ जाऊन नळीच्या भिंतीवर आपटतील, पोरापर्यंत पोचणारच नाहीत. आणि चुंबकाचा प्रवाह जरा मापाबाहेर गेला, तरी यंत्र आपलं आपण ती धार तोडतं."

"दुखतं का?"

"ती धार अंगाला कळतसुद्धा नाही."

ते उठले, चपला घालता घालता थांबले. "देवगिरीनं गेलं तर कल्याणला उतरावं का ठाण्याला?"

"ठाण्याला. तिथून पनवेलची लोकल खारघरला थांबते."