धावेतले मध्यंतर

'इंटरव्हल ट्रेनिंग' या शब्दातला महत्त्वाचा भाग 'इंटरव्हल' हा आहे. इंटरव्हल म्हणजे मध्यंतर, नाटकात असते तसे. व्यायामशाळांच्या फलकांवर मात्र आता त्याचा अर्थ 'थोड्या वेळात भरपूर घाम' एवढाच उरला आहे. डोंगरवाटांवर तासन् तास धावणाऱ्यांना ही तीव्र व्यायामाची पद्धत किती उपयोगी पडते, हे शोधताना मी या मूळ अर्थापासून सुरुवात केली.

1930 च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबर्गचे हृदयतज्ज्ञ हान्स राइंडेल यांनी या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. थोडे अंतर वेगाने पळायचे, हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या आसपास गेले की थांबायचे आणि ते 120 पर्यंत उतरले की पुन्हा पळायचे. दीड मिनिटात ते उतरले नाहीत, तर आधीची धाव झेपली नाही असे समजायचे. हृदय बळकट होते ते या विसाव्यातच, असे त्यांचे म्हणणे होते. हे स्पष्टीकरण आज जसेच्या तसे मानले जात नाही, पण विसावा मोजण्याची शिस्त टिकली. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने 1939 मध्ये मिलानला 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत पार केले. तो विक्रम 16 वर्षे अबाधित राहिला.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर यांनी 'फार्टलेक', म्हणजे वेगाचा खेळ, रूढ केला. इथे मैदान नव्हते, जंगलातली वाट होती. कुठे जोर लावायचा आणि कुठे सैल सोडायचे, हे चढउतार आणि स्वतःचा दम ठरवी. आजची डोंगरधाव मला फ्रायबर्गपेक्षा या पद्धतीची वारस वाटते.

'चार मिनिटांत तंदुरुस्ती' ही समजूत रुजली ती जपानमधल्या इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांच्या 1996 च्या प्रयोगामुळे. 20 सेकंद जीव तोडून सायकल, 10 सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांनी या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्या दुसऱ्या गटाचीही वाढली. मात्र हे सगळे खेळाडू विद्यार्थी होते आणि पहिल्या गटालाही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास मध्यम गतीची सायकल होतीच. मुख्य म्हणजे सायकलवर उतार उतरावा लागत नाही.

डोंगरधावेचा खरा प्रश्न इथेच आहे. इटलीतल्या अल्बर्टो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये वेगवेगळ्या उतारांवरच्या धावेची ऊर्जा मोजली. 45 टक्के चढावर सपाटीच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा लागते, तर 20 टक्के उतारावर सपाटीच्या जवळपास निम्मी. म्हणजे उतारावर फुप्फुसांना आराम मिळतो. मांड्यांना मात्र तो मिळत नाही. पाऊल टेकते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आखडून ब्रेक लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. गड उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे पाय बोलतात, ते यामुळे. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड उतरताना मी हे पाहत आलो आहे. दम शाबूत असतो, गुडघे लटपटत असतात.

यावर उपाय उतारातच आहे. उतारावरची एक बेताची धाव स्नायूंना पुढचे काही आठवडे सावध ठेवते. तशीच धाव पुन्हा घेतली की इजा आणि दुखणे बरेच कमी होते. म्हणून तीव्र सराव दोन प्रकारचा हवा. हृदयासाठी चढ: चार मिनिटे जोरात चढायचे, तीन मिनिटे सावकाश चालायचे, असे चार वेळा. मांड्यांसाठी उतार: आधी छोटा, ओळखीचा, कोरडा, छोटी पावले टाकत. दोन्हींच्या मध्ये पुरते दिवस जाऊ द्यावेत.

बाकीचे दिवस? नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दमदार खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची सुमारे 80 टक्के सत्रे हलक्या गतीची निघाली. हलकी म्हणजे सोबत्याशी गप्पा मारता येतील अशी. हौशी धावपटू बहुधा मधल्याच गतीत अडकतो: रोज थोडी धाप, रोज थोडा थकवा. त्यामुळे जोराच्या दिवशी त्याच्याकडे जोर उरत नाही.

नोकरी सांभाळून चाळिशीत डोंगराकडे वळलेल्यांना वेळ वाचवणारा व्यायाम हवासा वाटतो, ते साहजिकच आहे. तीव्र सरावाने वेळ वाचतोही. परंतु त्याची किंमत विश्रांतीत चुकवावी लागते, आणि ती चुकवली नाही तर वसुली गुडघे आणि घोटे करतात. वेळापत्रक लिहायला बसाल तेव्हा आधी विसाव्याचे दिवस लिहा. चढ आणि उतार उरलेल्या जागेत बसवा.