गाडी खाली बसवली, आता मागची चाकं सरळ करा
चाकांचं गणित : भाग ९

मागच्या भागात पुढच्या चाकांचं अलाइनमेंट झालं. आता मागची चाकं. गाडी 'लो' करून घेणाऱ्यांचं सगळं लक्ष पुढे असतं, आणि टायर मात्र मागचे फुकट जातात. तेही आतल्या कडेने, म्हणजे वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही अशा जागी.

उदाहरणाला मर्सिडीजची डब्ल्यू १२४ घेऊ. ही गाडी तशी महाराष्ट्राचीच म्हणायला हवी. टेल्कोबरोबरच्या भागीदारीतून १९९५ मध्ये पिंपरीत तिची जुळणी सुरू झाली, ई २२० आणि ई २५० डी. आज त्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. जुनी मर्सिडीज हाती आली की ती जरा खाली बसवून घ्यावी ही हौस बहुतेकांना होते, आणि त्या हौसेत मला वावगं काही दिसत नाही. कंपनीने स्वतःच स्पोर्टलाइन नावाने मूळ उंचीपेक्षा खाली बसणारी डब्ल्यू १२४ विकली होती. फक्त तिथे स्प्रिंगच्या जोडीला शॉक अॅब्सॉर्बरही जुळवून दिलेले होते. आपल्याकडे नुसती स्प्रिंग बदलतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे असलेली स्प्रिंग ग्राइंडरने कापतात. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, तिचं कापलेलं टोक रबरी पॅडवर नीट टेकत नाही आणि डावी-उजवी उंची कधीच सारखी येत नाही. कापलेल्या स्प्रिंगवर अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्या धरून असतात. ही रचना मर्सिडीजने १९८२ मध्ये १९० या छोट्या गाडीत पहिल्यांदा आणली आणि मग डब्ल्यू १२४ ला दिली. पाचही दांड्यांची लांबी वेगळी, टोकं वेगळ्या जागी. चाक वर-खाली होताना प्रत्येक दांडी आपापला कंस काढते, आणि मूळ उंचीवर हे कंस असे जुळलेले असतात की चाक जवळजवळ उभं राहतं. बॉडी ४० मिलिमीटर खाली आली की जुळणी बिघडते. वरच्या दांड्या चाकाचा माथा आत ओढतात. मागून पाहिलं तर दोन्ही चाकं वर जवळ आणि खाली फाकलेली दिसतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. त्याच वेळी एक बारीक दांडी चाकाचं तोंडही किंचित फिरवते. हा टो.

कॅम्बर लांबून दिसतो, म्हणून मालक त्याच्यावरच चिडतो. टायर खरा खातो तो टो. पुढचं गणित स्वतः करून पाहा. १५ इंची चाकाची रिम काठापासून काठापर्यंत साधारण ४१ सेंटिमीटर भरते. पुढच्या आणि मागच्या काठाच्या मापात फक्त १ मिलिमीटर फरक पडला, तर चाक सुमारे ०.१४ अंश तिरकं झालं. तेवढ्या तिरकेपणाने दर किलोमीटरला टायर जवळजवळ अडीच मीटर आडवा ओढला जातो. शंभर किलोमीटरला पाव किलोमीटर! खाली बसवलेल्या गाडीत हा फरक ३-४ मिलिमीटर सहज असू शकतो. उलट टो बरोबर असेल आणि कॅम्बर नुसता दीड अंश आत असेल, तर टायर आतल्या बाजूला थोडा जास्त झिजतो, पण एका पावसाळ्यात तारा बाहेर येत नाहीत.

दोन्हींतला फरक हाताला कळतो. गाडी जॅकवर घेऊन टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धारदार लागलं तर टो बिघडलेला. दोन्ही दिशांनी गुळगुळीत, पण आतली कड उतरती झालेली असेल तर कॅम्बर.

दुरुस्तीत क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. आधी उंची कायम करायची. स्प्रिंगवर बसणारं रबरी पॅड या गाडीला वेगवेगळ्या जाडीचं मिळतं. त्यावर एक ते चार उंचवटे असतात आणि उंचवटे जास्त तेवढं पॅड जाड. डावी-उजवी उंची त्यावर जुळवता येते. मागच्या कॅम्बरचं योग्य माप गाडीच्या उंचीवरच ठरतं, म्हणून उंची नक्की नसताना मोजलेला कॅम्बर कामाचा नाही.

मग बुश, म्हणजे दांड्यांच्या टोकांतलं रबर. तीस वर्षांचं रबर वरून शाबूत दिसलं तरी आतून फाटलेलं असतं. दांडीजवळ पहार लावून हलवून पाहा. चाकाच्या कॅरिअरमधला खालचा बुश गेला असेल तर चाक आपोआप आत कलतं, आणि मालक समजतो की गाडी खाली केल्यामुळेच झालं. आता एक गोष्ट, जी घाईत हटकून राहते. नवे बुश बसवल्यावर दांड्यांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. चाकं खाली टेकवून, गाडीचं पूर्ण वजन अंगावर आल्यावरच शेवटचा पाना फिरवायचा. हवेत आवळलं तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत जखडतं, गाडी जमिनीवर येताच पिळलं जातं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. तोवर गाडीही ठरवलेल्या उंचीवर बसत नाही आणि सगळी मापं खोटी येतात.

त्यानंतर कॅम्बर. डब्ल्यू १२४ ला मागे कॅम्बर फिरवायची सोयच कंपनीने दिलेली नाही. टो साठी मात्र उत्केंद्री बोल्ट आहे, म्हणजे ज्याचा डोळा मध्यावर नसतो असा. तो फिरवला की दांडी आत-बाहेर सरकते. कॅम्बर खूपच आत गेला असेल तर लांबी बदलता येणारी वरची दांडी बाहेरून घ्यावी लागते. ती लांब केली की चाकाचा माथा बाहेर येतो. माझं मत स्पष्ट आहे : दोन अंशांच्या आत असेल आणि दोन्हीकडे सारखा असेल, तर त्या दांड्यांवर खर्च करू नका. कॅम्बरला हात लावला असो वा नसो, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर बदलला की टो पुन्हा हलतो. टोचा बोल्ट गंजून बसलेला असतो. सैल करण्याआधी त्याच्या जागेवर खूण करा, गंजतेल रात्रभर मुरू द्या.

लेखमालेत पुढचं आधी आलं, पण प्रत्यक्ष कामात मागचं झाल्यावरच पुढचं. मागची दोन चाकं एकाच बाजूला तोंड करून असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. फक्त पुढची चाकं मोजणाऱ्या मशीनवर हा दोष दिसतच नाही. चारही चाकांना सेन्सर लावणारं मशीन शोधा, त्यासाठी आमच्या मारेगावहून नागपूर गाठावं लागलं तरी चालेल. काम सुरू होण्याआधीचे आणि झाल्यानंतरचे आकडे छापून मागा. मागच्या डाव्या आणि उजव्या टोचे आकडे त्यात स्वतंत्र छापलेले हवेत.

किती खाली करावी? वणी-मारेगाव-करंजी रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालतात आणि खाली काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. रस्त्याला लाटा येतात त्या अशा. स्पीडब्रेकरचं इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये दिलेलं माप १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असं होतं; गावागावांतले किती त्या मापाचे आहेत हे तुम्ही रोज बघताच. या भागात मी २० ते २५ मिलिमीटरच्या पलीकडे जाणार नाही. तेवढ्यात मागचा टो मूळ बोल्टवरच जुळून येण्याची शक्यता चांगली असते. आणि काम झाल्यावर महिनाभराने तोच तळवा पुन्हा टायरवरून फिरवून बघा.

पुढच्या भागात शॉक अॅब्सॉर्बर : आखूड स्प्रिंगला जुना शॉक का चालत नाही.