गुपचूप बसणारा एडीएचडी

एडीएचडी (अवधानदोष-अतिचंचलता विकार) म्हटलं की वर्गात धिंगाणा घालणारं पोर आठवतं. पण अतिचंचलतेशिवायचा अवधानदोष अमेरिकेच्या डीएसएम-३ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेने १९८० सालीच नोंदवला होता! अतिचंचल नसलेली, पण लक्ष भरकटणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, मग 'हुशार आहे, पण वेंधळी' एवढ्यावर विषय मिटतो. मुलींचं निदान बरेचदा उशिरा होतं ते म्हणूनच.

डीएसएम-५नुसार या निदानासाठी अवधानदोषाच्या ९पैकी ६ लक्षणं लागतात, १७ वर्षांपासून पुढे ५. काही लक्षणं १२व्या वर्षाआधीची हवीत.

मोठेपणी? गॅसवर दूध ठेवून दुसऱ्याच खोलीत रमणं, अर्धवट भरलेले फॉर्म. आवडीच्या कामात मात्र तासन्‌तास मान वर होत नाही, त्यामुळे घरच्यांना बाकीचा वेंधळेपणा सरळ आळस वाटतो. (माझ्या मते सगळ्यात जाचक भाग हाच.)

मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधं मानसोपचारतज्ज्ञांकडूनच घ्यावीत. दुधासाठी मात्र आजच फोनवर गजर लावा.