शागिर्दाच्या हाती हिशेबाची वहीही द्या

आपल्याकडे धंदा बहुधा घरातच शिकला जातो. दुकानदाराचा मुलगा गल्ल्याजवळ वाढतो, कारागिराचा मुलगा हत्यारांजवळ. दहावीची परीक्षा होण्याआधीच अनेक मुलांना कापडाचा पोत, लाकडाची जात, चामड्याची जाडी हाताला कळू लागते. ही शिदोरी मोठी आहे. ती कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

परंतु याच मुलाला विचारून पाहा की माल कोठून येतो, काय भावाने येतो, उधारी किती दिवसांची असते आणि एका नगामागे शेवटी काय उरते? तो अब्बांकडे किंवा उस्तादांकडे बोट दाखवील. कित्येक घरांत वयाच्या तिशीपर्यंत हे बोट तसेच राहते. मग एके दिवशी वडील अंथरुणाला खिळतात आणि कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, हेच मुलाला ठाऊक नसते. हातात उत्तम हुनर असूनही चालता धंदा वर्षा-दोन वर्षांत बसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना हुनराबरोबर खरेदी, भाव, उधारी आणि नफा-तोटा हेही शिकवले पाहिजे. ते तोंडी उपदेशाने येत नाही. त्यांचा स्वतःचा छोटासा धंदा हवा आणि पाठीशी एक अनुभवी माणूस हवा. हे कसे करावे, याचा येथे विचार करू.

हुनराला पायऱ्या, मग व्यापाराला का नकोत?

मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील सतार घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांचे काम करणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे गिऱ्हाईक कमी होत गेले तेव्हा फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. बाजार बदलला, तसा हातातल्या हुनराला नवा माल सापडला. त्याच मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या कामात नवशिक्याला कोणी पहिल्याच दिवशी जवारी लावायला बसवत नाही. आधी भोपळा साफ करणे, मग लाकूडकाम, मग जोडणी आणि पॉलिश, आणि कान तयार झाल्यावर जवारीसारखे नाजूक काम. प्रत्येक पायरीवर उस्ताद चूक दाखवतो आणि तीच गोष्ट पुन्हा करून घेतो.

व्यापार शिकवताना मात्र आपण पायऱ्या ठेवत नाही. एक तर मुलाला काहीच देत नाही, नाही तर एकदम सगळे दुकान गळ्यात टाकतो. त्याऐवजी असा क्रम ठेवता येईल. पहिले दोन-तीन महिने त्याने रोजची खरेदी-विक्री फक्त वहीत लिहावी. नंतर होलसेल बाजारात तुमच्याबरोबर यावे आणि चार ठिकाणचे भाव टिपून आणावेत. मग लहान गिऱ्हाइकाला त्याने स्वतः भाव सांगावा. त्यानंतर एक छोटा माल त्याने स्वतःच्या निवडीने आणावा, स्वतः विकावा आणि त्याचा हिशेब स्वतः मिटवावा. ही शेवटची पायरी म्हणजे व्यापारातली जवारी.

आधी पारख, मग विश्वास

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या पालकांना सांगितले आहे की, ती वयात येईपर्यंत त्यांची पारख करीत राहा, त्यांच्यात समज दिसली की त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा आणि त्या वेळी साक्षीदार ठेवा. येथे वय आणि समज या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत, आणि समज तर आजमावल्याखेरीज दिसत नाही.

ही पारख कशी करावी, याबाबत फिकहच्या इमामांनी केलेली चर्चा व्यवहारातही उपयोगी पडते. हनफी मतानुसार समज आलेल्या मुलाला पालकाच्या परवानगीने व्यापार करता येतो. शाफई मतानुसार, म्हणजे आपले कोकणी बांधव ज्या मताचे आहेत त्यानुसार, मुलाने घासाघीस करावी, भाव ठरवावा, परंतु सौदा पक्का करावा तो पालकाने. दोन्हींत मुलाला प्रत्यक्ष बाजारात उभे केले आहे आणि दोन्हींत मोठ्या माणसाची नजर त्याच्यावर आहे. मार्गदर्शन म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते?

इतरांनी हे कसे केले

१९१९ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी कागद कारखानदार होरेस मोझेस, टेलिफोन कंपनीचे प्रमुख थिओडोर व्हेल आणि सिनेटर मरे क्रेन यांनी ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ ही संस्था उभारली. तिची गाजलेली पद्धत अशी की, शाळकरी मुले मिळून एक छोटी कंपनी काढतात, ओळखीच्या लोकांना लहान लहान भाग विकून भांडवल जमवतात, एखादी वस्तू बनवून विकतात आणि हिशेब ठेवतात. गावातील एखादा व्यावसायिक त्यांना सल्ला देतो, परंतु निर्णय मुलांचाच असतो. वर्षअखेरीस कंपनी बंद करून ज्याचा त्याचा पैसा, नफा किंवा तोट्यासह, परत केला जातो.

यातली बंद करण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे धंदा सुरू करताना दुआ होते, मिठाई वाटली जाते, पण थांबून हिशेब मिटवण्याची सवय नसते. मुलाला ठरलेल्या दिवशी धंद्याला पूर्णविराम देऊन येणे-देणे मांडायला लावले, तर खरे चित्र त्याच्यापुढे येते.

आपल्या देशातही दिल्ली सरकारने २०२१ साली ‘बिझनेस ब्लास्टर्स’ या नावाने सरकारी शाळांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल दिले होते. मुलांनी गट करून ते एकत्र केले आणि छोटे धंदे काढले. एवढी रक्कम आपल्या मोहल्ल्यातील कितीतरी व्यापाऱ्यांना सहज शक्य आहे.

दोन हजार रुपयांचा धडा

आता हिशेबाकडे वळू. समजा, सोळा वर्षांच्या मुलीला शिवण येते. तिने दोन हजार रुपयांचे कापड, दोरा आणि बंद आणून पन्नास कापडी पिशव्या शिवल्या. एक पिशवी चाळीस रुपयांना पडली. साठ रुपये भावाने चाळीस पिशव्या खपल्या. त्यांतल्या दहा उधारीवर गेल्या, दहा पिशव्या उरल्या.

घरी येऊन ती म्हणेल, “चोवीसशेची विक्री झाली, चारशे सुटले.” शेजारीण म्हणेल, “हातात तर अठराशेच आहेत, म्हणजे दोनशेचे नुकसान.” दोन्ही हिशेब अपुरे आहेत. रोख अठराशे, उधारी सहाशे आणि उरलेला माल मूळ भावाने चारशे, असे मिळून अठ्ठावीसशे होतात. दोन हजार वजा जाता आठशे उरले. पण उधारी आली नाही आणि उरलेला माल खपला नाही, तर हे आठशे कागदावरच राहतील.

आणखी पुढे चला. याच पिशव्या तिने दुसऱ्याच्या कापडावर नगामागे पंधरा रुपये मजुरीने शिवल्या असत्या, तर पन्नास नगांचे साडेसातशे मिळाले असते. म्हणजे आठशेपैकी साडेसातशे तिच्या हाताची मजुरी आहे आणि व्यापाराचा नफा अवघा पन्नास रुपये. त्यातून वीज आणि मशीनची घसारा अजून वजा व्हायचीच आहे. आपल्या कितीतरी कारागिरांचे आयुष्य मजुरीलाच नफा समजण्यात जाते. हा फरक ज्या मुलीला सोळाव्या वर्षी कळला, तिला भाव ठरवताना उद्या कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

सवलतीचा हिशेबही याच वयात शिकवावा. शंभराच्या मालावर वीस टक्के चढवून भाव एकशेवीस केला आणि गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट दिली, तर चोवीस रुपये जातात. माल शहाण्णवला विकला जातो आणि पदरचे चार रुपये जातात. मोठमोठे दुकानदारही येथे फसलेले दिसतात.

मार्गदर्शकाने पाळायचे नियम

पहिला नियम म्हणजे रक्कम अशी ठेवावी की ती बुडाली तरी घरात कोणाची झोप उडणार नाही. ती देणगी आहे, कर्ज आहे की भागीदारी, हे देतानाच स्पष्ट करावे आणि दोन ओळींत लिहून ठेवावे. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकरामध्ये किती तपशिलाने आली आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. घरातल्या घरात लिहिण्याची लाज वाटू देऊ नये.

दुसरे, धंद्याचा पैसा आणि खिशाचा पैसा वेगळा ठेवायला लावावे. फोनवर आलेली रक्कमही त्याच दिवशी वहीत चढली पाहिजे.

तिसरे, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा तास बसावे. त्या बैठकीत आपण कमी बोलावे आणि जास्त विचारावे. काय खपले? काय पडून राहिले? का? पुढच्या वेळी काय वेगळे करशील? उत्तर आपल्याला माहीत असले तरी आधी त्याला शोधू द्यावे.

चौथे, लहान तोटा होऊ द्यावा. दीडशे रुपयांचा माल अंगावर पडला म्हणून लगेच स्वतः तो विकत घेऊन मुलाला मोकळे करू नये. त्याचबरोबर चारचौघांत त्याची हेटाळणीही करू नये. जो मुलगा तोटा झाल्यावर मार किंवा टोमणे खातो, तो पुढच्या वेळी तोटा लपवतो. लपवलेल्या तोट्यातूनच पुढे मोठी कर्जे होतात.

पाचवे, शक्य तर मार्गदर्शक वडिलांखेरीज दुसरा कोणी असावा. मामा, चाचा किंवा बाजारातला एखादा भरवशाचा माणूस चालेल. वडिलांपुढे मुलगा एक तर गप्प बसतो, नाही तर वाद घालतो. मुलीसाठी फुफी, खाला किंवा धंदा करणारी एखादी अनुभवी बाई असली तर ती मोकळेपणाने विचारू शकेल. मुलींना या कामी मागे ठेवू नये. घरी भरतकाम, शिवण आणि मेंदीची कामे करणाऱ्या कित्येकींना बाजारभाव माहीत नसतो. दलाल सांगेल तोच भाव ठरतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान समजली जाते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तिला करार करता येत नाही आणि असा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात स्पष्ट केले. म्हणून होलसेलचा उधार माल, गाळ्याचे भाडे, मोठी ऑर्डर हे सर्व पालकाच्या नावे आणि सहीने करावे. व्यापाऱ्यांनीही अज्ञान मुलाला मोठी उधारी देऊ नये. ती कोर्टातून वसूल होणे अवघड आहे.

१९३२ च्या भागीदारी कायद्याने मात्र एक वाट ठेवली आहे. सर्व भागीदार राजी असतील तर अज्ञान मुलाला चालू भागीदारीच्या लाभात घेता येते. त्याची जबाबदारी पेढीतील त्याच्या हिश्श्यापुरतीच राहते. अठरा पूर्ण झाल्यावर, किंवा आपल्याला असे घेतले आहे हे नंतर कळले तर तेव्हापासून, सहा महिन्यांत भागीदार व्हायचे की नाही हे त्याने जाहीर नोटीस देऊन सांगायचे असते. गप्प बसला तर तो पूर्ण भागीदार ठरतो आणि देणीही अंगावर येतात.

बँकेबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे दहा वर्षांवरील मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः बचत खाते उघडून चालवता येते. धंद्याची शिल्लक त्यात ठेवण्याची सवय लावावी.

शागिर्द की फुकटचा पोऱ्या?

शेवटी एक कडू गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. ‘धंदा शिकवतो’ या नावाखाली मुलांना दिवसभर चहा आणायला, ओझी उचलायला आणि झाडू मारायला ठेवण्याचे प्रकार बाजारात होतात. याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या कामात मदत करण्याची तेवढी सूट आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही, आणि इतर आस्थापनांत ठेवले तरी संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांच्याकडून काम घेता येत नाही.

आमची कसोटी साधी आहे. वर्षअखेरीस त्या मुलाला खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि नफा सांगता येतो का? तो अजून शाळेत किंवा महाविद्यालयात जातो आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तुम्ही त्याचे उस्ताद आहात. नसेल तर त्याच्या वयाची मजुरी तुम्ही खात आहात, आणि त्याचा जाब द्यावा लागेल.

व्यापारी बंधूंनो, प्रत्येकाने यंदा आपल्या घरातले किंवा मोहल्ल्यातले एक मूल निवडावे. दोन हजार रुपये, एक वही आणि आठवड्यातला अर्धा तास एवढाच खर्च आहे. सहा महिन्यांनी त्या वहीचा हिशेब त्याच्याबरोबर बसून मिटवावा. नफा झाला तर अल्हम्दुलिल्लाह. तोटा झाला तरी तो दोन हजारांच्या आतला असेल आणि आज तुमच्या देखत झालेला असेल.