अख्खी भरली कोंबडी विकायची? आधी वजनकाटा काढा

डिसेंबर लागला की अमरावती-अकोल्याकडून हमखास एक प्रश्न येतो: "सर, भरलेली रोस्ट कोंबडी घरून विकू का?" विका ना! नाताळ आहे, ईदेला मुर्ग मुसल्लम आहे, पोळ्याच्या करीलाही वेगळा बेत चालतो. पण चूक होते ती जाहिरातीतच: "६ जणांना पुरेल!"

हिशोब पहा. दोन किलोचा जिवंत ब्रॉयलर साफ करून कातडीसकट साधारण १.४ किलो भरतो. (आपल्याकडे दुकानदार कातडी काढूनच देतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. बिनकातडीची कोंबडी ओव्हनमध्ये कोरडी पडते.) भाजताना पाव वजन उडते, मग हाडे वजा करा. खायला उरते ६५० ते ७०० ग्रॅम. म्हणजे ४ माणसे. ६ सांगाल तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

आता पोषण. कातडीसकट भाजलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २७ ग्रॅम प्रोटीन, १४ ग्रॅम फॅट आणि २४० कॅलरी असतात. खाताना कातडी बाजूला काढली तर फॅट निम्म्यावर येते. चौघांत वाटली तर प्रत्येकाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळते. ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची शिफारस ५४ ग्रॅम आहे. हे छातीठोक सांगा. पण "डाएट फूड" म्हणू नका, कारण सारणात आपण सुके खोबरे घालतो आणि ५० ग्रॅम खोबऱ्यातच ३३० च्या वर कॅलरी आहेत. उकडलेली अंडी भरली तर दर अंड्यामागे ६ ग्रॅम प्रोटीन वाढते. आणि ब्रॉयलरला गावरान म्हणून विकायचे नाही, वऱ्हाडी माणूस पहिल्या घासाला ओळखते!

सगळ्यात मोठा धोका सारणाचा. माझी पहिली कोंबडी बाहेरून सोनेरी अन् आतून कोमट होती. पोटातल्या सारणापर्यंत ७४ अंश सेल्सिअस पोचलेच पाहिजे. कच्च्या कोंबडीचा रस तिथेच झिरपतो. टोचायचा थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका. सारण आदल्या रात्री भरून ठेवायचे नाही, भरली की लगेच ओव्हनमध्ये. शिजल्यावर दोन तासांच्या आत गिऱ्हाइकाच्या हाती.

शेवटचे, ऑर्डर किती घ्यायच्या? घरच्या ओटीजीत एका वेळी एकच कोंबडी मावते अन् दीड-दोन तास घेते. २५ तारखेच्या दुपारच्या जेवणासाठी एका ओटीजीवर दोन ऑर्डर, फार तर तीन. तिसरीला पहाटे उठावे लागेल. आणि पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.